मोक्षमूलरातलं 'मूल' आणि जर्मनांचं जातं

प्रश्न असा : ऋग्वेद छापणारा जर्मन पंडित मॅक्सम्युलर, त्याचं आडनाव संस्कृत 'मूल' (म्हणजे मूळ) वरून आलं का, त्याचा अर्थ काय, आणि जर्मनीत ते इतकं का आढळतं?

'मूल' ऐकून कान किटले. दर दोन महिन्यांनी कुणीतरी हे पिल्लू सोडतं आणि पुरावा म्हणून 'मोक्षमूलर' पुढे करतं. अहो, ती त्याचीच गंमत आहे. ऋग्वेदाच्या आवृत्तीवर (१८४९–७४) त्याने स्वतःची ओळख 'शार्मण्यदेशजातेन श्रीगोतीर्थनिवासिना मोक्षमूलरभट्टेन' अशी करून दिली, म्हणजे जर्मनीत जन्मलेला, ऑक्सफर्डला राहणारा मोक्षमूलर भट्ट. ऑक्सफर्डचं त्याने भाषांतर केलं : ऑक्स म्हणजे बैल, फर्ड म्हणजे नदीचा उतार, झालं गोतीर्थ. स्वतःच्या नावाचं मात्र केलं नाही, नुसता आवाज जुळवला. कारण अर्थ लावला असता तर भट्टांच्या हातात पिठाची पाटी आली असती!

म्युलर म्हणजे चक्कीवाला. (त्यावर 'म्हणजे आपले दळवी' म्हणणाऱ्यांना एकदाच सांगतो : दळव्यांचं दळ सैन्याचं, पिठाचं नव्हे.) लॅटिन 'मोलेरे' म्हणजे दळणे, 'मोलिना' चक्की, 'मोलिनारियस' चक्कीवाला. जुन्या जर्मनमध्ये त्याचा 'मुलिनारी' झाला आणि घासून घासून म्युलर.

आता खरी मजा. रोमन येईपर्यंत जर्मन लोक काय अख्खे दाणे चघळत होते? मुळीच नाही. त्यांच्याकडे हाताने फिरवायचं जातं होतं आणि त्याला घरचा शब्द होता, 'क्विर्न'. इंग्रजीत तो 'क्वर्न' म्हणून अजून तग धरून आहे. पाण्यावर फिरणारी चक्की रोमनांबरोबर आली, येताना नाव घेऊन आली, आणि क्विर्न अडगळीत गेला. या क्विर्नचा संस्कृतातला भाऊबंद कोण? ग्रावन्! सोम ठेचायचा दगड. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या दगडांना उद्देशून अख्खी सूक्तं आहेत. म्हणजे मॅक्सम्युलरने ज्याची स्तुती छापली, त्याच्याच नातलगाला त्याच्या आडनावातल्या शब्दाने घराबाहेर काढलं होतं. 'मूल' शोधणाऱ्यांना हे दिसत नाही, याचंच वाईट वाटतं. लिथुआनियात हातजात्याला 'गिर्नोस' म्हणतात, तोही याच कुळातला. गिरणी आठवली ना? मलाही आठवते. पण नुसत्या आवाजावर सोयरीक जुळवायची तर मग मूलवाल्यांनी काय घोडं मारलंय? हा मोह मी वीस वर्षं आवरतोय.

हां, संख्या राहिली. आपल्याकडे घरोघरी जातं, दळण बायकांच्या माथी. त्यामुळे लोहार, सुतार, कुंभार आडनावं झाली, दळणारी ओव्यांतच राहिली. जर्मनीत चक्की बहुधा जमीनदाराच्या मालकीची, आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच दळून आणायची सक्ती. म्हणून गावागणिक एक म्युलर, आणि तो पीठ मारतो असा गावभर संशय. आज हे आडनाव जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे, ऑस्ट्रियात मात्र ग्रूबर पुढे. तो पहिला क्रमांकही निम्मा स्पेलिंगची कृपा. श्मिट, श्मिड, श्मित्स हे सगळे लोहार एका रांगेत उभे करा, मग बघू. म्युलर इतके उदंड की आपल्या पंडिताने गर्दीत हरवू नये म्हणून 'मॅक्स'सुद्धा आडनावातच ओढून घेतलं. आपण एका दमात 'मॅक्सम्युलर' म्हणतो, ते त्यामुळे बरोबरच आहे.