मागे येतो, पण घेत नाही

थंडी सरत आली, पाणी निवळलं, आणि गळ टाकणाऱ्यांच्या पत्रांत तेच एक वाक्य पुन्हा यायला लागलं: "मासा ल्यूरमागे काठापर्यंत येतो, बघतो आणि वळतो. काय करू?" (ल्यूर म्हणजे माशाला भुलवायचं नकली आमिष.) मागच्या वर्षी याच दिवसांत याची उत्तरं दिली होती. ती कोणी वाचली नसावीत, किंवा वाचूनही शेवटी चहाच्या टपरीवरच्या मित्राचंच ऐकलं असावं. म्हणून यंदा निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मोहल्ले ठेवले आहेत.

प्रश्न: इंदूरजवळ बास कुठल्या तलावात मिळतो? (सुदामानगर)

कुठल्याच नाही. ज्या बासचे व्हिडिओ तुम्ही बघता तो मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. बाजारात 'सी बास' म्हणून मिळतो तो जिताडा, म्हणजे बंगाल्यांची भेटकी, आणि तो वेगळा. आपल्याकडे ल्यूरवर येणारा मुख्य मासा म्हणजे मरळ, हिंदीतली सौल. मागे येऊन वळण्याची खोड मात्र दोघांचीही आहे, त्यामुळे ते व्हिडिओ अगदीच वाया नाहीत.

प्रश्न: दुकानदार म्हणाला, मासा वळला की लगेच रंग बदला. सात रंगांचा सेट घेतला. तरी फरक नाही. (अन्नपूर्णा रोड)

फरक दुकानदाराला पडला. अहो, मासा आपली जागा सोडून वीस फूट त्या रंगामागे आला ना? रंग खटकला असता तर तो निघालाच नसता. गढूळ पाण्यात गडद, निवळ पाण्यात फिकट, असे दोन रंग पुरे. उरलेले पाच पुतण्याला द्या आणि पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: फ्रॉगमागे (रबरी बेडकाचं ल्यूर) पाण्यावर रेघ येते, मरळ आहे हे कळतं. एक मित्र म्हणतो थांबव, दुसरा म्हणतो जोरात ओढ. खरं काय? (लोकमान्यनगर)

दोघंही अर्धे बरोबर. तुम्ही जे करत होता त्याच्या उलट करायचं. ल्यूर एका लयीत ओढलं की मासाही त्याच लयीत बघत बघत येतो. झडप घालावी असं काही घडतच नाही. सावकाश ओढत असाल तर रीलचे दोन झपाझप फेरे द्या आणि थांबा. भरभर ओढत असाल तर एकदम सोडून द्या. फक्त मासा दिसला म्हणून हात आपोआप ढिला पडतो, ते टाळा. काळ मागे लागलेला बेडूक विचार करत मंदावत नाही.

चोरलच्या धरणात, मागच्या बाजूच्या उथळ पाण्यात, माझ्या फ्रॉगमागे अशीच रेघ आली आणि वीतभर अंतरावर विरून गेली. रेघ विरली म्हणजे मासा गेला असं नव्हे, तो खाली थांबलेला असतो. मी फ्रॉग जागीच ठेवला. भोवतीची वर्तुळं पार मिटू दिली. मग मनगट इतकंच हलवलं की रबराचे पाय एकदा थरथरावेत. फ्रॉग होता तिथे पाण्याला खळगा पडला, 'गुडुप' आवाज आला, आणि तीस वर्षं गळ टाकणाऱ्या या शहाण्याने त्या आवाजावरच हिसका दिला. फ्रॉग उडून माझ्याच टोपीवर. हिसका आवाजावर द्यायचा नसतो, लाइन ताणली गेली की द्यायचा. हे मला ठाऊक होतं.

प्रश्न: यशवंत सागरच्या पाळीवर उभं राहून स्पिनर (फिरत्या पात्याचं ल्यूर) टाकतो. मासा पंचवीस फूट मागे येतो आणि ऐन काठाशी गर्रकन वळतो. चार ल्यूरं बदलून झाली. (राजेंद्रनगर)

पाचवं घेऊ नका. तो ल्यूरला नाही, तुम्हाला बघून वळतो. या विषयावर मी दर वर्षी डोकं फोडतो, यंदाही फोडणार आहे.

पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं सगळं सुमारे ९७ अंशांच्या शंकूत गोळा होतं. मासा दोन फूट खोल असेल तर त्याची खिडकी साधारण साडेचार फूट रुंद. त्या गोलाच्या बाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. क्षितिजालगत जे असतं ते खिडकीच्या कडेला चेपून पुसट होतं. ढोबळ हिशेब असा, की पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या खाली जे आहे ते माशाला जवळपास नसल्यासारखंच.

आता बेरीज तुम्हीच करा. तीस फुटांवर दहा अंश म्हणजे सव्वापाच फूट. काठाच्या पातळीवर जरा वाकून उभा राहिलेला माणूस तिथवर खपून जातो. मासा दहा फुटांवर आला की तीच मर्यादा पावणेदोन फुटांवर उतरते. आणि तुम्ही कुठे? पाळ पाण्यापासून आठ फूट उंच धरा, त्यावर तुम्ही साडेपाच फुटांचे, त्यावर हवेत हलणारा सात फुटी रॉड. माशाने शेवटच्या टप्प्यात वर बघितलं तर खिडकीच्या पार आत, जवळजवळ डोक्यावर, एक हलणारा बगळा उभा आहे. मासा मूर्ख असता तर तेवढा मोठा झाला नसता.

तेव्हा पाळीवरून खाली उतरा. पाण्यापासून आठ-दहा फूट मागे बसा. उकिडवं बसून गुडघे दुखत असतील तर छोटं स्टूल न्या, माझ्याकडेही आहे. ल्यूर समोर न टाकता काठाला समांतर टाका, म्हणजे शेवटचे दहा फूट तुमच्या पायाशी संपणार नाहीत. रॉडचं टोक खाली ठेवा. काठावर धपाधप चालू नका, हादरा माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला, म्हणजे पाण्यातले कंप टिपणाऱ्या रेषेला, कळतो. "सूर्य पाठीशी ठेवा म्हणजे मासा दिपतो" असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तो दिपेल तेव्हा दिपेल, त्याआधी तुमची लांबलचक सावली ल्यूरच्या वाटेवर आडवी पडलेली असते. पांढरा शर्ट घरी ठेवा. आणि काठाशी आलेलं ल्यूर लगेच उचलू नका. दोन आकडे मोजेपर्यंत पाण्यातच राहू द्या.

राहिला तलावाचा प्रश्न. यशवंत सागर शहराला पाणी पुरवतं आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तिथे गळ टाकायची मुभा कोणाला आणि कुठल्या भागात, हे मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा. "सगळेच टाकतात" ही परवानगी नव्हे.

प्रश्न: काका, मुलगा डॅलसला असतो. या थंडीत लेक फोर्कला बाससाठी गेला होता. पाणी नितळ, बास जर्कबेटमागे (झटके देत ओढायचं माशासारखं ल्यूर) येतात, तोंड लावत नाहीत. म्हणतो, त्यातला एक दहा किलोंचा तरी होता. (साउथ तुकोगंज)

दहा किलोंचं मनावर घेऊ नका. बासचा जागतिक विक्रमच सुमारे दहा किलोंचा आहे: १९३२ साली जॉर्जियात झाला, २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. मागे येऊन गेलेला मासा नेहमीच मोठा असतो.

बाकी तक्रार खरी आहे. पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की माशाचं अंगही तेवढंच गार होतं, पचन मंदावतं, धावाधाव परवडत नाही. तरीही तो मागे आला याचा अर्थ त्याला हवं आहे, पण फुकटात. शिवाय बास कुत्र्यासारखा चावा घेत नाही. तोंड आणि कल्ले एकदम फाकवून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला अगदी जवळ यावं लागतं. सरकतं ल्यूर तेवढा वेळ देत नाही. मुलाला सांगा, पाण्यात मधल्यामध्ये तरंगत राहणारा जर्कबेट वापर, दोन झटके दे आणि मनात दहा मोज. नाही घेतलं तर वीस. पोरांना वीस मोजवत नाहीत, तिथेच सगळं अडतं. लाइनला पुढे बारीक फ्लोरोकार्बन जोडावी, ती पाण्यात सहज दिसत नाही. दुसरा रॉड तयार ठेवावा, त्याला वजन न लावलेला मऊ रबरी वर्म, म्हणजे नकली गांडूळ. बास वळला की वळल्या जागी तो लगेच सोडायचा आणि आपसूक बुडू द्यायचा. पहिल्याला नाही म्हणालेले कितीतरी मासे या दुसऱ्याला हो म्हणतात.

लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावा लागतो. नियम बदलतात, म्हणून जाण्याआधी टेक्सासच्या वन्यजीव खात्याकडे खात्री करून घेऊ दे.

प्रश्न: ल्यूरवर मारायचा वासाचा स्प्रे खरंच चालतो का? (स्कीम ७८)

रोहू-कटल्यासाठी वासाच्या मसाल्याला अर्थ आहे. ल्यूरमागे धावणारी मरळ डोळ्यांनी आणि हादऱ्यांनी ठरवते. मी एकदा बाटली घेतली होती. मासा आला नाही, पण घरी आठवडाभर मला गॅलरीत जेवावं लागलं. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला, खाली मोठी मरळ. फ्रॉग टाकला की धक्का मारते, पण धरत नाही. कसं धरायला लावावं? (महू)

लावू नये. ती भुकेली नाही, राखण करते आहे. धक्का म्हणजे "निघ इथून". तिला उचललंत की तो थवा इतर माशांच्या पोटात जातो, आणि दोन वर्षांनी तुम्हीच मला लिहिणार की तलावात मरळ उरली नाही. दुसऱ्या टोकाला जा. नर्मदेतल्या महाशीरबाबतही हेच: मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, आधीच विरळ झाला आहे, चुकून लागला तर पाण्यातच ठेवून गळ सोडवा.

प्रश्न: ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) अंगठ्यात काट्यापर्यंत रुतला. मित्राने पुढे ढकलून काढला. आता ठणकतंय. (देवास नाका)

हे वाचत बसू नका, आज डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा. डोळ्याजवळ रुतला तर हातही लावायचा नाही, थेट रुग्णालय. पुढच्या वेळी घरूनच पक्कडीने काटे चेपून निघा.

प्रश्न: मुलांना जूनच्या शेवटच्या आठवड्यात मासेमारी शिकवायला चोरलला न्यायचं आहे. कोणतं ल्यूर घेऊ? (बिचोली)

कोणतंच नाही. १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारीला बंदी असते, माशांचा विणीचा काळ आहे. यंदाचा आदेश मत्स्य विभागात बघून घ्या. मुलांना मेमध्येच न्या, पहाटे, आणि जूनमध्ये त्यांच्याकडून रील उघडून तेलपाणी करून घ्या.