कंपनी माझं काहीच करत नाही

"मॅडम, सात वर्षं झाली. कंपनी माझं काहीच करत नाही. सोडून देऊ, की सरकारी जाहिरातीची वाट बघू?"

गोव्यातल्या डिचोलीचा ३१ वर्षांचा मुलगा, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट. पहाटे कंपनीची बस, अंधार पडल्यावर घर. हाच प्रश्न पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मुलं सल्ल्यासाठी माझ्याकडे आणतात.

त्याच्या घरचं आधी सांगायला हवं. वडिलांचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. "सरकारी नोकरीच खरी" असं हा बाप म्हणतो, ते सोसून म्हणतो. त्याला चूक ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून अर्ज भरू नकोस असं मी कधीच सांगत नाही. १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढून ठेव, कोकणी येतेच, परीक्षा दे. माझी हरकत वाट बघण्याला आहे. जाहिरातीकडे डोळे लावून त्याने हातातल्या कामाकडे बघणंच सोडलं होतं.

त्याला एक शंभर पानी वही आणायला लावली. दरवर्षी नवीन काय करायला शिकलास ते लिही. पगार नको, हुद्दा नको. पहिल्या दोन वर्षांनी पान भरलं: एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणं), डिसोल्यूशन (गोळी कशी विरघळते ते तपासणं), स्टॅबिलिटीचे (औषध किती टिकतं ते बघायचे) नमुने. तिसऱ्या वर्षाला दोन ओळी. पुढच्या चारही वर्षांपुढे "तेच". चौथं "तेच" लिहून तो गप्प बसला. मीही काही बोलले नाही.

मग विचारलं, दोन वर्षांनी कुठलं काम करायला आवडेल? "मेथड व्हॅलिडेशन," लगेच म्हणाला. म्हणजे चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे पडताळून दाखवणं. साहेबांना सांगितलंस कधी? नाही. अप्रेझलच्या फॉर्मात 'पुढे काय शिकायचंय' असा रकाना होता. त्यात तो दरवर्षी नुसती रेघ ओढायचा. चांगलं काम आपोआप दिसतं, असं त्याला वाटे. नाही दिसत. न चुकता काम करणारा माणूस आहे तिथेच राहिलेला सगळ्यांना सोयीचा असतो.

पुढच्या खेपेला त्याने हव्या त्या कामाच्या १० जाहिराती आणल्या. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांखाली खुणा केल्या. बरंचसं त्याला येत होतं. दोन गोष्टी नव्हत्या: व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल, म्हणजे आराखडा, लिहिणं आणि चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर गेला की होणारा तपास. हा तपास तर त्याच्याच लॅबमध्ये, चार टेबलं सोडून चालायचा!

बढती मागायची नाही, असं ठरलं. "पुढच्या तपासात मला सोबत घ्या," एवढंच मागायचं. वाक्य त्याने माझ्यासमोर तीनदा म्हणून बघितलं. साहेब म्हणाले, "आता नको, ऑडिट आहे." पोरगा खचून आला. मी म्हटलं, "नको" कुठे म्हणाले, "आता नको" म्हणाले ना? ऑडिट कधी संपतं? ती तारीख वहीत लिहिली. त्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, आणि काम मिळालं.

गणपतीच्या चवथीनंतर भेटला. वहीत दोन तपासांची नोंद होती, सरकारी परीक्षेचा अर्जही भरून झाला होता. वडिलांनी वही चाळून विचारलं म्हणे, "ह्यात पगार किती वाढला?" अजून वाढलेला नाही. तो विषय एप्रिलच्या पानावर आहे, आकड्यासकट.