पुराआधीचा निर्णय कोणाचा?

वाचकांचे प्रश्न : गावपातळीवरील आपत्ती व्यवस्थापन
(उत्तरे देणारे महसूल खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत.)

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यातील वैनगंगेकाठच्या एका गावाची सरपंच आहे. ऑगस्ट २०२० च्या पुरात आमचे अर्धे गाव पाण्यात होते. तेव्हा मी पदावर नव्हते. मागील पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचा निरोप मोबाइलवर आला, त्या वेळी तलाठी तहसीलला होते, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दुसऱ्याही गावाचा प्रभार असल्याने ते पोहोचू शकले नाहीत, आणि सारे गाव माझ्याकडे पाहत राहिले. गाव खाली करायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मला आहे काय? आणि लोकांना हलवल्यावर पाणी आलेच नाही, तर हसे होणार नाही काय?

उत्तर : सरपंचताई, अधिकाराचा भाग आधी सांगतो, कारण तो थोडक्यात संपतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. वाहतूक रोखणे, एखाद्या भागात प्रवेश बंद करणे, वाहने व इमारती ताब्यात घेणे या गोष्टी त्या प्राधिकरणाच्या हाती आहेत आणि तालुक्यात ते काम तहसीलदारांमार्फत चालते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ४१ ने स्थानिक संस्थेवर, म्हणजे ग्रामपंचायतीवरही, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची, साधनसामग्री वापरण्याजोगी तयार ठेवण्याची आणि मदतकार्य करण्याची जबाबदारी टाकली आहे. सक्तीने घर खाली करवणे आपल्या हाती नाही. मात्र समाजमंदिर उघडणे, दवंडी देणे, ट्रॅक्टर सांगणे आणि म्हाताऱ्या माणसांना उंचावर नेऊन बसवणे यासाठी कोणाच्या लेखी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. तहसीलदारांना आणि १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवावे, वेळ वहीत नोंदवावी आणि कामाला लागावे.

आता खरा प्रश्न 'केव्हा' हा आहे. मोठ्या नदीकाठची बहुतेक गावे नदी गावात शिरल्यामुळे नव्हे, तर गावामागचा नाला तुंबल्यामुळे आधी अडकतात. वैनगंगा चढली की नाल्याचे पाणी नदीत उतरत नाही, ते उलट मागे सरकते आणि रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बुडतो; गाव कोरडे असते, लोक पारावर गप्पा मारत असतात आणि बाहेर जायचा रस्ता मात्र केव्हाच बंद झालेला असतो. म्हणून आपली वेळ नदीवरून नव्हे, नाल्यावरून मोजावी. २०२० मध्ये कोणत्या क्रमाने पाणी आले, हे गावातील ढिवर बांधव आणि जुनी माणसे अचूक सांगतील. त्यांना सोबत घेऊन रपट्याजवळच्या खांबावर किंवा एखाद्या मोहाच्या झाडावर तीन पट्टे रंगवून घ्यावेत : पहिल्याला गुरे हलवायची, दुसऱ्याला माणसे, आणि तिसऱ्यानंतर रपट्यावर कोणीही पाय ठेवायचा नाही.

दुसरा पट्टा कोठे असावा, हे उलट्या हिशेबाने ठरते. समजा, म्हातारी, आजारी, गरोदर आणि लहान मुले असलेल्या बाया मिळून आधी हलवायची माणसे ६० आहेत. एका ट्रॉलीत १५ बसली तर चार खेपा होतात. दोन ट्रॅक्टर असतील तर प्रत्येकी दोन. जाऊन-येऊन पाऊण तास धरला तर दीड तास झाला. लोकांना उठवून, भांडीकुंडी आणि कागदपत्रे बांधून बाहेर काढायला आणखी दीड तास लागतो, कमी नाही. म्हणजे रपटा बुडण्याच्या तीन तास आधी निर्णय झाला पाहिजे, आणि सायंकाळी सातला अंधार पडत असेल तर दुपारी चारच्या आतच. वाहत्या पाण्यात ट्रॅक्टर घालून माणसे नेण्याचा पराक्रम कोणालाही करू देऊ नये. पाणी टोंगळ्याच्या, म्हणजे गुडघ्याच्या, खाली दिसते म्हणून लोक फसतात.

धरणाच्या निरोपाविषयी एक सूचना करतो. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची ३३ पैकी किती दारे उघडली, हा आकडा गावभर फिरतो. पण दारे अर्धा मीटर उघडली की पाच मीटर, यावर सारे अवलंबून असते. विचारायचे ते दारांची संख्या नव्हे, विसर्ग. तो क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर असा सांगितला आहे की क्युसेकमध्ये, हेही पाहावे, कारण एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. या घोळात घबराटही पसरते आणि बेफिकिरीही. प्रत्येक निरोपातील विसर्ग आणि त्यानंतर आपल्या घाटावर पाणी किती पायऱ्या चढले व किती तासांनी चढले, हे एका वहीत लिहीत जावे. दोन पावसाळ्यांत ती वही आपल्या गावापुरती कोणत्याही तक्त्याहून उपयोगी ठरेल. वैनगंगेचा पाऊस वर मध्य प्रदेशातही पडतो. त्यामुळे आपल्याकडे ऊन पडले आहे, यावरून काहीच ठरत नाही.

गुरांचा मुद्दा मी मुद्दाम पहिल्या पट्ट्याला जोडला. माणसे घर सोडत नाहीत ती बहुधा गोठ्याकडे पाहून. बैल आणि दुभती म्हैस उंचावरच्या धुऱ्यावर (बांधावर) बांधली गेली की माणसे निम्म्या विनवणीत निघतात. ज्यांना गुरे नेता आली नाहीत, त्यांनी निदान दावी सोडून द्यावीत.

हसे होण्याच्या भीतीबद्दल काय सांगू? मी तहसीलदार असताना एका गावाचा असाच निर्णय सकाळवर ढकलला होता, कारण आदल्या वर्षी लोकांना हलवल्यावर पाणी आले नव्हते आणि मला ते टोमणे आठवत होते. रात्री नाला भरला. माणसे छपरांवर बसून वाचली, जनावरे वाचली नाहीत. वर्धा नदीकाठच्या मोवाड गावात ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या पुराने २०० हून अधिक माणसे नेली, हे आपल्या भागातील जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. आपण एक करावे : हे तीन पट्टे आणि त्यांचे अर्थ मे महिन्यातच ग्रामसभेत ठराव करून मान्य करून घ्यावेत. मग त्या दिवशी निर्णय सरपंचाच्या घाबरटपणाचा राहत नाही, गावानेच ठरवलेला राहतो.

आणि त्या रात्री आपण स्वतः डोंग्यात बसू नये. सरपंच ग्रामपंचायतीत, चार्ज केलेला मोबाइल आणि घरनिहाय यादी घेऊन बसलेली असली पाहिजे. कोण निघाले, कोण राहिले हे एका ठिकाणी कळले नाही तर बचाव पथक आले तरी अंधारात तेच घर तीनदा ठोठावले जाते.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण महसूल मंडळाच्या (काही गावांच्या महसुली गटाच्या) मुख्य गावी असलेल्या पर्जन्यमापकावर ४० मिलिमीटरच नोंद झाली. त्यामुळे अतिवृष्टी धरली गेली नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीने काय करावे?

उत्तर : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात, आणि मापक दहा किलोमीटरवर असला की आपली तक्रार समजण्यासारखी आहे. तरीही केवळ मापकावर भांडत बसू नये. नाल्याचे पाणी शेतात शिरले असेल, जमीन खरडून गेली असेल किंवा गाळ साचला असेल, तर ते पुराचे नुकसान म्हणून मांडता येते आणि पिकाच्या बाबतीत ते ३३ टक्क्यांहून कमी नसावे लागते. पाणी ओसरण्याआधीच गट क्रमांक दिसेल अशी, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पंचनाम्याला तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक येतील तेव्हा सदस्यांनी त्यांच्यासोबत बांधाबांधाने फिरावे. चावडीत बसून लिहिलेली यादी पुढे वर्षभर भांडणे लावते. बटईने किंवा ठोक्याने शेती करणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर नसल्याने मदत मालकाच्या खात्यात जाते, यावर ग्रामपंचायतीकडे उपाय नाही. पण दोघांना समोर बसवून आधीच बोलणे करून देणे तिला जमते, आणि ते कोणी करत नाही.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील पदवीधर तरुण आहे. या क्षेत्रात काम करण्याची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : 'आपदा मित्र' योजनेतील १२ दिवसांच्या प्रशिक्षणाविषयी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करावी. पुढे शिकायचे असल्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अग्निशमनाकडे कल असेल तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपूरलाच आहे. परंतु या पुढच्या शिक्षणाआधी एक पावसाळा भामरागडच्या बाजूला काढावा, असे मी म्हणेन. पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली जाणे तेथे वर्षानुवर्षे चालत आले आहे. म्हणून रेशनचे धान्य पावसाळ्याआधीच गावात पोहोचवायचे आणि दिवस भरत आलेल्या बाईला रस्ता बंद होण्याआधी आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या खोलीत, आणून ठेवायचे, हे तेथील आशाताईंना कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. त्यांच्यासोबत चार गावे पायी फिरा आणि त्या कोणाची नावे आधी विचारतात, ते लक्ष देऊन ऐका.