आईच्या स्मरणार्थ शाळेला वॉटर कूलर दिला आहे. पाटीवर 'यांच्याकडून' लिहावं की 'यांच्यातर्फे'?

पैसे तुम्ही स्वतः दिले असतील तर 'यांच्याकडून'च लिहा. 'कडून' थेट देणाऱ्याला लागतं. 'तर्फे' म्हणजे कुणाच्या तरी वतीने, म्हणून ते मंडळ, बॅच किंवा 'समस्त पाटील परिवारातर्फे' अशा समूहाला शोभतं. देणगी ट्रस्टच्या हातून पोचली असेल तर ट्रस्टच्या नावापुढे 'मार्फत' येईल. 'यांच्या हस्ते' मात्र उद्घाटन करणाऱ्यासाठी राखून ठेवा, नाहीतर दाता कोण आणि फीत कापणारा कोण, हे दहा वर्षांनी कुणालाच कळणार नाही. अशा पाट्यांचा मजकूर मी नेहमी तपासून देतो. तुमच्यासाठी हा पुरेल:

कै. (आईचं नाव) यांच्या स्मरणार्थ
(तुमचं नाव) यांच्याकडून
शाळेस सप्रेम भेट

'कडून', 'तर्फे', 'मार्फत' ही अव्ययं आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायची. 'यांच्या कडून' असं तोडलेलं पाटीवाले सर्रास कोरतात, त्यामुळे कच्चा नमुना हातात घेऊन वाचा. 'स्मरणार्थ'मध्ये 'साठी' आलंच आहे, पुढे 'म्हणून' जोडू नका. 'यांचे स्मरणार्थ', 'यांजकडून' ही जुनी वळणं चुकीची नाहीत. शाळेतल्या आधीच्या पाट्या तशा असतील तर खुशाल तीच ठेवा, फक्त एकाच पाटीवर 'यांचे' आणि 'यांच्या' मिसळू नका. आणि हे सगळं दिवंगतांसाठी. व्यक्ती हयात असेल तर 'स्मरणार्थ' चालत नाही, तिथे 'यांच्या गौरवार्थ' किंवा 'पंचाहत्तरीनिमित्त' लिहा.