रोख बक्षीस खोड, मग पुढचं बोलू

अगं,

तुझा मेसेज कालच वाचला, पण मोबाईलवर एवढं टाइप करायला निवांतपणा नव्हता म्हणून आज बसून लिहितोय. वस्तीवरनं शाळेत चालत येणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या आणि त्यासाठी सायकल शर्यत घ्यायची, आयडिया एकदम झकास. फक्त त्या कागदावर पहिलं बक्षीस रोख २१,००० लिहिलंयस ना, ते आधी खोड.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडं जत्रेला शर्यती असतात त्या तू बघितल्यायस. रोख बक्षीस जाहीर झालं की तयारीची पोरं टेम्पोत सायकली टाकून लांबनं येतात, पहिले तीन नंबर मारतात आणि दुपारच्या आत परत. त्यांचं काही चुकत नाही, वर्षभर घाम गाळतात ती. पण तुला हवाय गावातला दूधवाला, शाळेतल्या बाई, आठवीतली पोरगी आणि तिचा बाप, आणि ही मंडळी असल्या पोरांच्या शेजारी लाईनीत उभीच राहणार नाहीत. ढाल आणि प्रशस्तिपत्र बास. साध्या सायकलींचा गट वेगळा ठेव, गिअरवाल्यांचा वेगळा, नाहीतर भांडणं ठरलेली.

आता पैसे. एन्ट्री २०० ठेवलीस आणि टी-शर्ट, मेडल, नाष्टा यातच ते २०० उडाले तर मुलींना काय देणार, फोटो? माझं म्हणणं असं की खर्च सगळा वस्तूंवर भागव. केळी बागायतदाराकडनं, पाणी जारवाल्याकडनं, मंडप डेकोरेटरकडनं, पोहे बचत गटाच्या बायकांकडनं (त्यांना सामान आपण द्यायचं, फुकट राबवायचं नाही), आणि एन्ट्रीचा पैसा जसाच्या तसा सायकलींना. टी-शर्ट नकोच, लोकांच्या घरी ढीग पडलेत. आणि हो, तुझ्या स्वतःच्या जीपेचा क्यूआर कोड पोस्टरवर अजिबात छापू नको. तुमचा ग्रुप रजिस्टर नाही, त्यामुळं असे पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच, कायद्यातल्या कलम ४१क वाली. त्यापेक्षा ओळखीचा रजिस्टर ट्रस्ट सोबत घे, पैसे त्यांच्या खात्यात, पावती त्यांची. ट्रस्टकडं ८०जी, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्सची सवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तर मोठे देणगीदार खूश, फक्त त्यांना आधीच सांग की २,००० च्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, चेक द्या नाहीतर ऑनलाइन पाठवा.

तुमचा तालुका मानव विकासमध्ये, म्हणजे मुलींना सायकली देणाऱ्या सरकारी कार्यक्रमात, येत असेल तर हेडमास्तरांना विचार कुणाला सरकारी सायकल आधीच मिळालीय, म्हणजे यादीत घोळ नको.

रूटचं जरा नीट ऐक. गोल रूट काढ आणि सगळी वळणं डावीकडची ठेव. उजवं वळण आलं की सायकलवाला समोरच्या गाडीच्या आडवा जातो, आणि रस्ता काय आपल्यासाठी बंद होणार नाहीये. १०-१२ किलोमीटर पुष्कळ झालं. सगळ्यांना एकदम सोडू नको, अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं एकेक सोड आणि टाइम लाव, त्यानं घोळकाच होत नाही आणि पडझड निम्मी तिथंच टळते. डिसेंबर धरलायस म्हणजे उसाचा सीझन, कारखान्याच्या रस्त्याला फिरकूच नको. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेजारनं गेला की जुना खेळाडूसुद्धा हलतो, शिवाय रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली आली की सायकल सरळ आडवी. आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः त्या रूटवर सायकल मार, गाडीतनं खडी दिसत नाही.

उजाडायलाच पावणेसात-सात होतात तेव्हा, त्यामुळं सहाला सोडायचा हट्ट नको, सातला सोड. सहाच्या आत स्पीकर लावता येत नाही, तुमच्या त्या डीजेवाल्याला हे दोनदा सांग.

पोलीस स्टेशनला अर्ज महिनाभर आधी, रूटचा नकाशा जोडून, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नको. १०८ ची अँब्युलन्स आपल्या कार्यक्रमासाठी उभी करून ठेवायची नसते, ती तातडीची सेवा आहे, तेव्हा एखाद्या हॉस्पिटलला विनंती कर.

सुटायच्या जागी सायकल दुरुस्तीवाल्या मामांना बसव आणि त्यांनी ब्रेक बघितल्याशिवाय नंबर द्यायचा नाही. साध्या सायकलींचे ब्रेक रबर झिजून नुसतं लोखंड घासत असतं, पोरांना वाटतं आवाज येतोय म्हणजे ब्रेक लागतोय. मामांच्या पंपाला महागड्या सायकलींचा बारीक वॉल्व्ह बसत नाही, त्यासाठी छोटं पितळी अडॅप्टर मिळतं, दोन आणून ठेव. हेल्मेट नाही तर एन्ट्री नाही, मग तो सरपंचांचा मुलगा का असेना.

आणि सगळ्यात मागं एक मोटरसायकल ठेव, शेवटच्या माणसाच्या मागं मागं येणारी. तो येईपर्यंत बक्षीस समारंभ सुरू करायचा नाही, पाहुण्यांना कितीही घाई असली तरी. पाहुणे एकच बोलव, तोही कमी बोलणारा.

रूटचा नकाशा रविवारपर्यंत पाठव, वळणं बघून सांगतो.

तुझा,
काका

ता.क. नंबर पाठीवर लावलास तर फिनिशला समोरनं दिसत नाही. हँडलला केबल टायनं बांध, आणि फिनिशला मोबाईलवर व्हिडिओ चालू असला तरी वहीवाली दोन माणसं बसवच.