‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ला ‘आरक्षण’ म्हणावे का?

प्रश्न असा : अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशांबद्दल लिहिताना ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ (मागे राहिलेल्या गटांना संधी मिळावी म्हणून केलेले खास प्रयत्न) याऐवजी सरळ ‘आरक्षण’ लिहिले तर काय बिघडते?

अर्थच बदलतो. आरक्षणात जागा आधीच मोजून बाजूला ठेवलेल्या असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अशा ठेवल्या होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती पद्धत अवैध ठरवली. मात्र अर्जदाराचा वंश इतर बाबींबरोबर विचारात घ्यायला मुभा दिली. २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात न्यायालयाने नाकारली ती ही मुभा. त्या निकालाला ‘अमेरिकेत आरक्षण रद्द’ म्हटले, तर तिथे तोवर राखीव जागा होत्या असाच समज होणार.

‘सकारात्मक कृती’ हा शब्दशः केलेला अनुवाद मला पटत नाही. कोणी, कोणासाठी, काय केले, यातले काहीच त्यातून कळत नाही. माझे मत ‘विशेष तरतूद’ या शब्दाला. तो आपल्या राज्यघटनेतलाच आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(४) मागासवर्गांच्या उन्नतीसाठी विशेष तरतुदीची मुभा देते. नेमणुका राखून ठेवण्याची भाषा कलम १६(४) मध्ये आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, फीमाफी, राखीव जागा हे सगळे विशेष तरतुदीत मावते. आरक्षण हा तिचा एक प्रकार.

याच प्रश्नाला चिकटलेला दुसरा शब्द ‘गुणवत्ता’, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. मराठीत ‘गुण’ म्हणजे परीक्षेतले मार्कही आणि माणसाच्या अंगचे गुणही. त्यामुळे मार्कांच्या यादीला ‘गुणवत्ता यादी’ म्हटले, की यादीत खाली असलेला मुलगा कमी लायकीचा वाटू लागतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले, की स्पर्धापरीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. कुटुंबाची परिस्थिती, शाळा, शिकवण्या यांतून मिळालेला फायदा त्या गुणांत दिसत नाही.

म्हणून यादीला ‘गुणानुक्रम यादी’ म्हणावे. शब्द जुनाच आहे, आणि यादीत जे असते तेवढेच तो सांगतो. ‘गुणवत्ता विरुद्ध आरक्षण’ ही जोडी तर लिहूच नये. राखीव जागाही त्या त्या प्रवर्गात गुणानुक्रमेच भरतात.