वाचक विचारतात : ‘मेर्सेदेस’ नाव ठेवावं का?

प्रश्न : आमची सून स्पेनची. तिच्या आजीचं ‘मेर्सेदेस’ हे नाव नातीला ठेवायचं ठरतंय. पण चाकणला कारखाना असलेल्या गाडीचं नाव मुलीला कसं द्यायचं, असं घरात सगळे म्हणतात. नावाचा अर्थ काय? ते आधीचं की गाडी?
– एक वाचिका, बाणेर

नाव कितीतरी शतकं आधीचं. गाडीलाच ते एका मुलीवरून मिळालं. एमिल येलिनेक हा व्यापारी डाइम्लर कंपनीच्या गाड्या विकायचा. त्याच्या मुलीचा जन्म 1889चा, लाडाचं नाव मेर्सेदेस. 1901च्या नव्या गाडीला त्याने हेच नाव दिलं आणि 1902 साली कंपनीने ते आपल्या मालाचं नाव म्हणून नोंदवलं. ‘बेंझ’ त्याला जोडलं गेलं ते 1926मध्ये, दोन कंपन्या एक झाल्यावर.

मूळ नाव ‘मारिया दे लास मेर्सेदेस’, म्हणजे कृपावंत मेरीमाता. आपल्याकडे देवीच्या वेगवेगळ्या नावांवरून मुलींची नावं येतात, तशी स्पेनमध्ये मेरीच्या बिरुदांवरून आली : दोलोरेस म्हणजे दुःखं, पिलार म्हणजे स्तंभ, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन. ‘मेर्सेद’ म्हणजे कृपा, ‘मेर्सेदेस’ हे त्याचं अनेकवचन. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र मजुरी, मोबदला असा रोखठोक. चर्चच्या भाषेत त्याचा अर्थ ‘न मागता मिळालेलं दान’ असा झाला.

या बिरुदामागे इतिहास आहे. 1218 साली बार्सेलोनात पेद्रो नोलास्को यांनी एक धर्मसंघ स्थापन केला. मुसलमान राज्यांत कैदेत पडलेल्या ख्रिस्ती लोकांना खंडणी भरून सोडवणं, हे त्याचं काम. पैसे पुरले नाहीत तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याची शपथ हे संन्यासी घेत. त्यांची आराध्य मेरी ती ही ‘मेर्सेद’वाली. तिचा सण 24 सप्टेंबरला. बार्सेलोनात त्या दिवसांत शहरभर उत्सव असतो. आमच्या मते एवढा अर्थ पाठीशी असलेलं नाव केवळ गाडीमुळे सोडू नये.

प्रश्न : उच्चार नेमका काय? आणि महापालिकेच्या दाखल्यावर मराठीत कसं लिहावं?
– एक वाचक, कर्वेनगर

‘मेर्-से-देस’, जोर मधल्या ‘से’वर. ‘द’ मऊ, ‘ड’ नव्हे. शेवटी ‘स’, ‘ज’ नव्हे. माद्रिदकडे मधला ‘स’ जिभेचं टोक दातांमध्ये धरून, इंग्रजी ‘थिंक’मधल्या पहिल्या आवाजासारखा काढतात. तिथे आपला ‘थ’ लावू नका, तो वेगळाच ऐकू येतो. लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’. दोन्ही बरोबर.

दाखल्यावर नाव मराठी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत येतं. तुम्ही ‘मेर्सेदेस’ लिहून दिलं नाही, तर टाइप करणारा सवयीने ‘मर्सिडीज’ करणार. म्हणून अर्जावर देवनागरी ठळक लिहा आणि दाखला हातात पडताच तिथल्या तिथे तपासा. रोमन स्पेलिंगमध्ये अक्षरांवर कुठलीही खूण नको. डोक्यावर तिरक्या रेघा असतात त्या फ्रेंच रूपात. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर रकाना रिकामा राहू शकतो. बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र जिकिरीचं. तेव्हा बारशाची घाई दाखल्यावर करू नका.

मुलीची नोंद स्पेनकडेही होणार असेल तर खरा गोंधळ मधल्या नावाचा. तिकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत नाही. एक नाव आणि दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. स्वतःचं नाव म्हणून दोन साधी नावं किंवा एकच जोडनाव चालतं. वडिलांचं नाव चुकून या रकान्यात गेलं तर ते मुलीचंच दुसरं नाव होऊन बसतं आणि दोन देशांची कागदपत्रं जुळत नाहीत. दोन्हीकडचे अर्ज शेजारी ठेवूनच भरा.

प्रश्न : स्पेनमध्ये हे नाव अजून ठेवतात का?
– एक वाचिका, सदाशिव पेठ

ठेवतात, पण आता कमी. आज ते आजीच्या पिढीत जास्त भेटतं. नव्या मुलींमध्ये लुसिया, मार्तिना, सोफिया अशा नावांची चलती आहे. एके काळी ते राजघराण्यातही होतं. राजा बारावा अल्फोन्सो याची राणी मेर्सेदेस जानेवारी 1878मध्ये लग्न होऊन आली आणि त्याच जूनमध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी गेली. तिच्यावरचं गाणं स्पेनमधली मुलं पुढे कित्येक वर्षं फेर धरून म्हणत. अर्जेंटिनाची थोर गायिका मेर्सेदेस सोसा (1935–2009) हिचंही नाव हेच.

घरात हाक मारायला स्पेनमध्ये ‘मेर्चे’, मेक्सिकोत ‘मेचे’. लहान मुलीला ‘मेर्सेदितास’ही म्हणतात. पुण्यातल्या घरात ‘मेर्चे’ सगळ्यांत सोपं. आजी-आजोबांच्या तोंडीही पटकन बसतं.